जीप कुणाच्या नावावर

आमची बैलजोडी ज्या उन्हाळ्यात विकली, त्याच उन्हाळ्यात आमच्या दारात जीप यायची होती. दुष्काळच तसा होता. बैलांना घालायला कडबा नाही, आणि त्यांच्याकडून करून घ्यावं असं शेतात काही नाही. गाई चारा छावणीत बांधलेल्या, त्या थोडंफार दूध देत होत्या. पण गावच्या दूध सोसायटीचा टेम्पो बंद पडला होता आणि चिलिंग सेंटरपर्यंत कॅन न्यायला गाडी पाहिजे होती. आमच्या ह्यांनी ठरवलं, बैलांचे पैसे जुन्या जीपमध्ये घालायचे. आता तुम्हीच बघा, जीप चालली तर घर चालणार, आणि तिच्या कागदात खोट निघाली तर बैलही गेले आणि जीपही.

हे सोसायटीचे संचालक होते. संचालकाची गाडी सोसायटीला भाड्यानं लावता येत नाही, असा नियम. म्हणून मला म्हणाले, "जीप तुझ्या नावावर घेऊ." खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. उभ्या जन्मात माझ्या नावाची वस्तू म्हणजे माहेरची एक पितळी कळशी, तिच्यावर नाव कोरलेलं. त्यात आता जीप!

जीप विकणारा माणूस ऊसतोडीचा मुकादम. गावोगावच्या टोळ्या कारखान्यावर न्यायचा, शिवाय चार संस्थांत त्याचं नाव. जीप घेऊन तो आमच्या अंगणात आला तो हसतच. मला हसणाऱ्या माणसाचं वावडं नाही, पण विकायला आलेला माणूस इतका हसला की मी पदर खोचून बसते.

"वहिनी, गाडीकडं बघा, कागद काय बघताव? इंजिन लोण्यावानी हाय."

"इंजिन हे बघतील. मी कागद बघते."

"वहिनीला वाचता येतं व्हय?"

"किराण्याच्या पुड्यांवर शिकले. पुडी सोडायच्या आधी वाचायची सवय हाय."

हे बॉनेट उघडून आत डोकं घालून बसलेले. मी आरसी बुक घेतलं. मालक म्हणून एका बाईचं नाव, पत्ता चकलांब्याच्या बाजूच्या एका वस्तीचा. विक्रीच्या फॉर्मवर त्या बाईची सहीसुद्धा तयार होती. आणि ती सही बघूनच माझं मन फिरलं. आमच्याकडच्या बायका सही करतात ती थांबत थांबत. एक अक्षर काढायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरं. कागदाला भोक पडेल इतका पेन दाबायचा. ही सही मात्र धावत गेलेली. शेवटी खाली एक लांब रेघ, दोन टिंबं.

"ह्या बाई कोण?"

"आमच्या संस्थेतली हाय. घरच्यावानीच."

"मग आणा एकदा. चहा तरी पिऊन जाईल."

"तोडीला गेलीय ना ती."

हा तर सरळ सरळ लबाड बोलत होता. त्या साली ऊसच नव्हता. कारखान्याचं धुराडं संक्रांतीच्या आत गार झालं होतं आणि सगळ्या टोळ्या घरी येऊन बसल्या होत्या. मुकादमाला हे माहीत नसेल तर कुणाला?

मुकादम कागद ठेवून गेला. हे माझ्यावर चिडले. "तुला देवावर बी संशय. सही हाय, आरसी हाय, आणखी काय पाहिजे?"

"बाई पाहिजे," मी म्हणाले.

दोन दिवसांनी दोघं एसटीनं निघालो, गाडी बदलून दुपारी वस्तीवर पोचलो. त्या बाई दारातच होत्या. पत्र्याचं घर, पुढं पाण्याचं टिपाड आणि टिपाडाच्या झाकणाला कुलूप. त्या उन्हाळ्यात धान्य उघडं राहायचं, पाण्याला कुलूप लागायचं. किल्ली त्यांच्या पदराला.

"तुमची जीप घ्यायला आलोत," हे म्हणाले.

त्यांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माय, ह्यांना ऊन लागलं का?"

मी आरसी बुक काढून नाव वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. खालीच बसल्या.

"म्हंजी तलाठी खरं बोललावता," त्या म्हणाल्या. "दोन सालाखाली माझं पिवळं रेशन कार्ड काढून घेतलं. का म्हणून इचारलं तर म्हणला, तुझ्या नावावर चारचाकी हाय. मी म्हणलं, दाखीव, बसते तिच्यात. तर सगळे हसले."

पिवळं कार्ड गेलं म्हणजे स्वस्त धान्य गेलं. दोन साल ती बाई दुकानाच्या रांगेतून परत येत होती, आणि तिची जीप मुकादमाला घेऊन जिल्हाभर हिंडत होती.

"कुठं अंगठा दिलता का कधी?" मी विचारलं.

"बायांची संस्था काढायची म्हणून मुकादमानं सगळ्यांचे घेतलते. एका हाताला शाई लावली, दुसऱ्यावर पेढा ठेवला." मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अन् तुमी कोण? त्यानंच धाडलं न्हाई कशावरून?"

त्यांनी आरसी बुक माझ्या हातातून घेतलं, समोरच्या अंगणवाडीच्या बाईकडं गेल्या, तिच्याकडून वाचून घेतलं आणि परत आल्या. "दोघींचं एकच निघालं. खरं असंल."

मी विक्रीचा फॉर्मही दाखवला. "ही सही तुमची?"

"मला सही येत असती तर पेढा कशाला खाल्ला असता?"

आता अडचण अशी की जीप नावावरून गेल्याशिवाय कार्ड मिळणार नाही, आणि जीप घालवायची तर पुन्हा अंगठा द्यायचा. त्यांनी पदराची किल्ली चाचपली. मग म्हणाल्या, "अंगठा देते. पण सायबापुढं, अन् वाचून घेऊन. अन् कार्ड पिवळं होऊस्तोवर गाडी माझ्या दारात राहील. किल्ली माझ्याजवळ."

हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "अन् दूध काय डोक्यावर न्यायचं?"

"न्या," मी म्हणाले.

गावी परतल्यावर मुकादमाला मी एवढंच विचारलं, "ही सही कुणाची, ते पोलिसांना विचारावं का?" त्याचं हसणं तिथंच संपलं. ठरल्या दिवशी तो जीप घेऊन बीडला आरटीओत मुकाट्यानं आला. त्याच्या डोळ्यांपुढं मी जुना फॉर्म फाडला, नवा भरला. त्या बाईंनी प्रत्येक कागद माझ्याकडून वाचून घेतला, तोच कागद खिडकीतल्या क्लार्ककडून पुन्हा वाचून घेतला. क्लार्क वैतागला. "आजी, रांग बघा मागं."

"दोन साल म्या बी रांगच बघितली," त्या म्हणाल्या आणि अंगठा टेकवला.

मग घेणाऱ्याची सही राहिली. मी पेन हातात घेतला. त्या बाईंनी शाईचा अंगठा लुगड्याला पुसत सहज विचारलं, "गाडी तुमच्या नावावर?"

"हो."

"चालवणार कोण?"

"हे."

"भाडं कोण घेणार?"

"हेच."

"मग तुमच्या नावावर कावून?"

हे भिंतीवरच्या पाटीकडं बघायला लागले. मी त्या पाटीकडं बघितलं नाही. मला आपली ती पितळी कळशी आठवली. आठवडाभर दुसऱ्याच्या सहीवर संशय घेत होते मी, आणि माझ्याच सहीचं कुणी विचारलं तर सांगायला काही नव्हतं. माझ्या हातावर कुणी पेढाही ठेवला नव्हता. नुसतं "तुझ्या नावावर" म्हटलं, आणि मी फुशारले होते.

पेनाला टोपण लावलं. "तुमच्या नावावर घ्या," मी ह्यांना म्हणाले. "संचालकपद सोडा, मग लावा सोसायटीला."

"घरी बोलू."

"घरी न्हाई. इथंच."

बाकावर बसून ह्यांनी एक विडी संपवली, मग दुसरी. मुकादम मात्र लांबून पुन्हा हसायला लागला होता, आणि मला वाटतं ते हसणं बघूनच हे उठले. फॉर्मवर माझ्या जागी स्वतःचं नाव लिहायला लावलं आणि सही केली. राजीनामा दुसऱ्या दिवशी दिला. पुढं कितीतरी दिवस माझ्याशी जेवणापुरतं बोलत होते. आजही कुणी संचालक म्हणून हाक मारली की माझ्याकडं बोट दाखवतात, "हिनं उतरवलं."

आरटीओतून जीप थेट त्या वस्तीवर नेली, तिथं ती वीसेक दिवस उभी राहिली. इकडं कॅन सायकलींवर गेले. दोनदा दूध नासलं, त्याचीही बोलणी मीच खाल्ली. मला आतून धाकधूक, की बाईंनी जीप दिलीच नाही तर?

निरोप आला तेव्हा गेलो. जीपच्या मागच्या सीटवर कोंबडी बसलेली. बाईंनी कार्ड माझ्या हातात दिलं. पिवळं होतं. तरी म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. मग त्यांनी अंगणवाडीत जाऊन पुन्हा वाचून घेतलं. परत आल्यावर पदराची गाठ सोडली. तिथं टिपाडाची किल्ली आणि जीपची किल्ली शेजारी शेजारी होत्या.

ह्यांनी हात पुढं केला. बाईंनी जीपची किल्ली माझ्या हातात दिली, आणि मी ती माझ्या पदराला बांधली. जीप आठ वर्षं चालली. कागदावर नाव ह्यांचंच होतं, पण रोज सकाळी दूध घालायला निघताना ह्यांना किल्ली माझ्याकडं मागावी लागायची.