ताठ पाठीची भाची

उभ्या सातारा-सांगली पट्ट्यात माझ्या भाचीइतकं सरळ उभं राहणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि आता या वयात दिसेल अशी आशाही नाही. धाकट्या बहिणीची ही लेक, उंब्रजची. भाजीच्या रांगेत उभी राहिली तरी वाटावं, आता कुणीतरी हिला हार घालणार. मुंबईत मॉडेल होती तोवर ठीक होतं हो, पण ते सोडून माहितीपट काढायला लागली तरी सवय सुटली नाही. कॅमेरा घेऊन बांधावरून जायची ती पावलापुढं पाऊल टाकत, अशी की ऊस तोडणाऱ्या बायका कोयते थांबवून बघत राहायच्या. आणि दुसऱ्या कुणी कॅमेऱ्यापुढं ऐट केलेली मात्र हिला खपायची नाही! मी एकदा सांगलीहून ठेवणीतली इरकली साडी नेसून तिच्या शूटिंगला गेले, तर म्हणते, "मावशी, भांडी घासताना हीच नेसतीस व्हय?" मी म्हटलं, "तू बघत असलीस तर नेसते."

तिचं सगळं अडलं होतं ते घरातच. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. साताऱ्याच्या स्टँडसमोर साडीच्या जाहिरातीत लेकीचा हा मोठा फोटो लागला, पाठ उघडी, तोंड पलीकडं. दाजी एसटीतून उतरले, वर पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. वर्षं गेली. तिचा फोन आला की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

आणि हिनं माहितीपट घेतला कशावर, तर निवृत्त होऊन घरी आलेल्या फौजींवर. गावातले सगळे भरभरून बोलले. राहिले एकटे दाजी. मला म्हणाली, "आबा न्हाई बोललं, तर मी ह्यो पिच्चर हितंच बंद करणार."

दाजी करायचे काय, तर तिनं कॅमेरा चालू केला की खुर्चीतून उठून सावधान! छाती पुढं, नजर भिंतीवर, ओठ शिवलेले. बंद केला की बसायचे. पहिल्या दिवशी आम्ही दोघी बहिणी तोंडाला पदर लावून हसलो. तिच्या जायच्या दिवशी कुणालाच हसू येईना. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी, चहा उतू गेला तरी तिला पत्ता नाही.

मग भाचीनं कॅमेरा चालूच ठेवला आणि जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली, तशीच सावधान. दोघांची नजर भिंतीवर. आता हे निघून जातात की काय, असं मला वाटलं.

"खांदा पाड," दाजी एकदम म्हणाले. "डावा उचललाय."

तिनं पाडला. "मुंबैत कुणी कवा चूक काढली न्हाई, आबा."

"त्यास्नी काय कळतंय?" मग भिंतीकडंच बघत म्हणाले, "त्या फोटूत तोंड कुटं दिसत हुतं? संगतीचं गडी म्हनलं, आसंल दुसरी कुनीतरी. म्या पाठीवरनंच वळखलं. ल्हानपनी भित्तीला लावून हुबी करत हुतो, तीच पाठ. म्या घडवलेली. आन् सगळं स्टँड बघतंय तिच्याकडं."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. कॅमेरा चालू असताना पहिल्यांदा. ती खाली जमिनीवर बसली, आणि दिवेलागण झाली तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

परवा माझ्याकडं सांगलीला आली होती. हल्ली माहितीपट जुळवत तासन्तास संगणकापुढं वाकून बसते, पाठीला थोडा बाक आलाय. संध्याकाळी उंब्रजहून फोन आला. दाजींचा रोजचा एकच प्रश्न असतो, "पाठ सरळ हाय न्हवं?"

फोनवर काही दिसत नाही, हे तिला माहीत आहे. तरी आधी ती ताठ झाली आणि मगच म्हणाली, "व्हय, आबा."