अमेदेओ बुडाला नव्हता

क्योज्जा या समुद्रकाठच्या गावातल्या मासळीबाजारात झाइरा तिओझ्झोचा आवाज पुलापलीकडे जायचा. गिऱ्हाइकाची फिरकी घ्यावी तर तिनंच. "माकूळ शिळी वाटतेय? मग नवऱ्याला वाढ, त्याला कुठं कळतंय!" पण मुलगी नीवेस शर्यतीला उतरली की ही बाई मुकी व्हायची. नीवेस देशाच्या नौकासंघात होती. नावा शेवटच्या टप्प्यात आल्या की सगळे काठाकडे धावायचे आणि झाइरा पाण्याकडे पाठ करून उभी राहायची. लोकांना वाटायचं, पोरीला नजर लागू नये म्हणून.

खरं कारण अमेदेओ होता, झाइराचा धाकटा भाऊ. ऐन तारुण्यात, गावच्या जत्रेतल्या शर्यतीत तो नावेतून पाण्यात पडला आणि गेला. पायात गोळा आला, बुडाला, असं गाव म्हणालं, पाद्रीही तेच म्हणाले. झाइरा तेव्हा त्याचा कोरडा सदरा घेऊन धक्क्यावर उभी होती. तिनं पाहिलं होतं. आधी हातातलं वल्हं सुटलं, मग मान कलली, आणि पडला तो त्याच्यानंतर. तिथं पाणी जेमतेम कमरेइतकं होतं. हे ती कधी कुणाला बोलली नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

दरवर्षी डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय संघात कुणाला उतरता येत नाही. एका वर्षी नीवेसला होकार मिळाला नाही. तिच्या हृदयाची भिंत हवी त्यापेक्षा जाड दिसत होती. तिला पाडोव्हा शहरातल्या इस्पितळात पाठवलं, तशी झाइरा दुकान नवऱ्यावर, इवोवर टाकून तिच्याबरोबर गेली.

तिथल्या डॉक्टर पावानबाईंचा सगळा जन्म खेळाडूंच्या हृदयांवर संशोधन करण्यात गेला होता. त्या सावकाश बोलत होत्या.

"इतकं वल्हवलं की हृदय दंडासारखं भरतं. त्यात वावगं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण एक आजार आहे, तोही अगदी असाच दिसतो. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"नाही," नीवेस म्हणाली. "एक मामा होता, पण तो बुडाला."

"तो बुडाला नाही," झाइरा म्हणाली.

नीवेसनं आईकडे वळून पाहिलं. झाइरानं सगळं सांगितलं, वल्ह्यापासून. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पूर्वी अशी मुलं मेल्यावरच आमच्याकडे यायची. जिवंतपणीच हा आजार कसा ओळखायचा, हे आम्ही त्या मेलेल्या मुलांकडूनच शिकलो. नीवेस, तीन महिने वल्ह्याला हात लावायचा नाही. पळायचं नाही, पोहायचं नाही. भिंत वल्हवण्यानं जाड झाली असेल तर बसून बसून पातळ होईल. आजाराची असेल तर होणार नाही. आणि घरातल्यांनीही तपासून घ्यायचं, हा आजार घराण्यात उतरतो. बाई, आधी तुम्ही."

"घेऊ की," झाइरा म्हणाली, आणि विसरून गेली.

ते तीन महिने त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. बाजाराला निघण्याआधी झाइरा लेकीच्या दाराला कान लावायची. श्वास ऐकू आला तरच जिना उतरायची. नीवेस जिना चढू लागली की हिची छाती धडधडायची. पोरीनं पाण्याची बादली उचलली तरी ही ओढून घ्यायची.

"आई, मी काचेची नाही गं!"

"नसशील. ठेव ती बादली."

"बसून बसून मरायची वेळ आली माझी."

इवोनं विषय बदलला, कांद्यात मुरवलेल्या तारल्या पुढं सरकवल्या. कुणी खाल्लं नाही.

एकदा दोघी पुलावरून येत होत्या. झाइराच्या हातात माशांची पेटी होती. मधेच तिच्या डोळ्यांपुढं अंधारून आलं आणि तिनं कठडा घट्ट धरला. हे असं तिला कधीपासूनच व्हायचं. पहाटे उठण्याचा शीण, असं म्हणून ती पुढं चालू लागायची. पण या वेळी मान वर केली तेव्हा नीवेस तिच्याकडे टक लावून पाहत होती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला किती दिवस होतंय हे?"

"शीण आहे गं."

"मामालाही शीणच आला होता का? तू तपासून घेतल्याशिवाय मी त्या इस्पितळात पाय ठेवणार नाही. मग भिंत जाड राहू दे नाहीतर पातळ होऊ दे."

म्हणून तीन महिन्यांनी दोघी एकदमच गेल्या. आधी नीवेसची तपासणी झाली. भिंत पातळ झाली होती. डॉक्टर पावानबाई पहिल्यांदाच हसल्या. झाइरा ढसाढसा रडली, नाक पुसलं आणि कोट चढवून दाराकडे निघाली.

"बाई, कोट काढा. तुमचं राहिलंय."

झाइरा आडवी झाली. तपासणारा माणूस आधी माकूळ कशी शिजवायची ते विचारत होता. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की तो आता काही विचारत नाही. तो यंत्राच्या पडद्याकडे पाहत होता. मग तो उठला आणि डॉक्टरांना बोलवून घेऊन आला.

जे अमेदेओच्या हृदयात होतं तेच तिच्याही हृदयात होतं. तीन महिने ती भाऊ आठवून लेकीच्या दाराला कान लावत होती, आणि ते तिच्याच छातीत बसलं होतं. पुढं दोघींचं रक्त तपासलं. नीवेसमध्ये ते उतरलं नव्हतं. झाइराच्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं. हृदय भलतं धावू लागलं तर धक्का देऊन ताळ्यावर आणणारं.

नीवेस परत संघात गेली. झाइरा परत दुकानावर बसू लागली; पेट्या आता इवो उचलायचा. शरद ऋतूतल्या एका सकाळी ती मासे तोलत होती. तराजू हलताना दिसला, मग काहीच दिसलं नाही. घोड्यानं छातीत लाथ घालावी तसा तडाखा बसला आणि ती शुद्धीवर आली, ओल्या फरशीवर, भोवती लोकांचे बूट. यंत्र नसतं तर तिथंच कारभार आटोपला असता.

सराव टाकून नीवेस त्याच संध्याकाळी इस्पितळात पोचली. कॉटच्या कडेला बसून तिनं आईचा हात धरला.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली.

झाइरानं तिची बोटं आपल्या मुठीत घेतली.

"मलाही," ती म्हणाली. "पण तू सोमवारी सरावाला परत जा."

नीवेस गेली. त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत तिची नाव चौथी आली.