बर्गरच्या दुकानासाठी मागितलेला वाटा

बर्गर कंपनीचा माणूस जागा बघायला आला, तेव्हा आधी गाळ्यात शिरलाच नाही. कॉलेज रोडच्या फुटपाथवर उभा राहून जाणारी-येणारी पोरं न्याहाळत राहिला. मग आत येऊन म्हणाला, "मॅडम, जागा पास होईल. आता फ्रँचायझी फीचं बोलू."

फी म्हणजे नुसती कंपनीची पाटी लावायची किंमत, परत न मिळणारी. त्यावर गाळ्याचं डिपॉझिट, कंपनीच्याच ठेकेदाराकडून फर्निचर, कंपनी सांगेल तोच फ्रायर आणि फ्रीझर, अन्नपरवाना, शॉप ॲक्ट. शिवाय रोजच्या विक्रीवर रॉयल्टी, मग नफा होवो न होवो. मी सातपूरला कारखान्याच्या गेटबाहेर वडापावची गाडी लावून वर आलेली बाई. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा घर त्या गाडीवर चाललं. पंचवटीच्या मार्केटात बटाटेवाला मला लांबून बघूनच म्हणायचा, "मावशी, आज आधीच मेलोय, अजून मारू नका." आणि हा टाय लावलेला पोरगा मला सांगतो, फी फिक्स आहे!

"फिक्स काय असतं? देवळातली मूर्ती?" मी म्हटलं.

तो हसला. मी भडकले, उठले, दारापर्यंत गेले. तो मागून आला. असं दोनदा झालं. फी तेवढीच राहिली, पण पुण्यातल्या ट्रेनिंगचा खर्च आणि पहिल्या मालाचं भाडं मी कंपनीच्या गळ्यात मारलं. जाताना तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याशी बोलून दमलो." मला बरं वाटलं.

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी स्वतःचे पैसे दाखवा म्हणाली. दागिने मोडले, ठेवी मोडल्या, तरी भागेना. त्याच सुमारास गावाहून धाकट्या भावाचा फोन आला.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर माझंही नाव लागलं होतं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने हक्कसोड करून द्यायची रीत आहे. बहीण रजिस्ट्रारकडे सही करते, भाऊ साडी घेतो, आणि माहेरचं दार तिला उघडं राहतं. हे शेवटचं कुठल्याच कागदावर नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं.

"ताई, सहीला कधी येती? पैठणी घेतो तुला येवल्याची. लय भारी बघून ठेवलीय."

"पैठणी राहू दे. वाट्याचं बोल."

"कसला वाटा?"

"माझा. मला दुकान टाकायचंय."

रविवारी मी गावी गेले. ओट्यावर बसलो. समोर त्याची द्राक्षबाग, आत वहिनी कपबशा काढत होती. मी आकडा सांगितला. सांगितला तो एक, मनात होता तो त्याच्या निम्मा. व्यवहार असाच सुरू होतो. त्याने म्हणायला हवं होतं, "येडी झाली का ताई?" वडिलांच्या दवाखान्याचं कुणी केलं, औताचं कुणी बघितलं, हे सगळं त्याने काढायला हवं होतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. आरडाओरडा झाला असता, वहिनीने दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली असती, आणि शेवटी निम्म्यावर आलो असतो. मी त्याच्याही खाली उतरले असते.

तो म्हणाला, "बरं."

"बरं काय?"

"देतो."

"अरे, बोल की काहीतरी!"

"काय बोलू? तू मागितलं. देतो." आणि उठून विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेला. चहा आला तेव्हा मी एकटीच होते.

याचाच मला राग आहे. लहानपणी जत्रेत साधा चेंडू घ्यायचा तरी हा मलाच पुढे ढकलायचा. "ताई, तू बोल, तू बोल." दुकानदाराने सांगितलेली किंमत आणि देतो ती किंमत यांतलं अंतर त्याने माझ्या शेजारी उभं राहून बघितलेलं. माझा पहिला आकडा खरा नसतो हे जगात कुणाला ठाऊक असेल तर त्याला. तरी त्याने तो खरा धरला. वाटा कायद्याने माझा होता, मागण्यात मी काही चोरी केली नाही. पण परक्या गिऱ्हाइकासारखे पैसे मोजून मोकळं व्हायचं त्याने ठरवलं, हे मी विसरणार नाही.

रस्त्याकडेचा तुकडा विकून त्याने पूर्ण रक्कम खात्यावर भरली. हक्कसोडीच्या सहीला रजिस्ट्रार ऑफिसात तो माझ्या शेजारी बसला होता. अंगठे उमटवले, फोटो काढले. बाहेर आल्यावर मी उगाच पर्स उघडून बंद करत रेंगाळले. तो गाडीत बसून गेला.

दुकान सुरू झालं. उद्घाटनाला त्याच्याकडून कुणी आलं नाही. दिवाळीला फोन आला नाही, मीही केला नाही. धंदा बरा आहे. माल कंपनीच्या गाडीतून गोठलेला येतो, सॉस सीलबंद येतो, भाव वर दिव्याच्या पाटीवर लिहिलेले असतात. कुणी कमी करा म्हणत नाही. पोरं मोबाइल दाखवतात, पैसे देतात, जातात. दिवसभर कुणाशी वाद न घालता मी घरी येते आणि नवरा विचारतो, "बरं नाही का?"

परवा दुपारी काउंटरवर भाची उभी. अकरावीला इथेच प्रवेश घेतलाय म्हणाली. मला कुणी सांगितलंही नव्हतं. उंच झाली होती. मी ट्रे भरत सुटले.

"आत्या, एवढं नको. एकच दे पार्सल. किती झाले?"

"तुझ्याकडून पैसे घेऊ?"

"घे ना. पप्पांनी सांगितलंय, आत्याकडं फुकट काही खायचं नाही." मग हळूच म्हणाली, "बाहेर आहेत ते. गाडीत."

मी ॲप्रनसकट बाहेर धावले. पिकअपची काच खाली होती.

"आत ये. बस जरा."

"नो पार्किंगला हाय गाडी."

"दंड मी भरते."

"तू कशाला भरती?"

माझा ताबा सुटला. भर रस्त्यात ओरडले, "भांड की माझ्याशी! एवढं जास्त मागितलं, म्हण ना एकदा!"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. आवाज चढवला नाही. "जास्त नव्हतं, ताई. तुझंच होतं. ते दिलं. आता काय राह्यलं?"

पोरगी पलीकडून चढली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. भावाने आरशात बघितलं आणि गाडी काढली. मी तिथेच उभी राहिले.