अवंतीबाईंचं व्हायोलिन आणि बंद माइक

"आवाज वाढव ना भाऊ! मागे काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं." गावंडे सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले. ते आयोजक, मी साउंडवाला. यवतमाळच्या त्या हॉलमध्ये सभा, ऑर्केस्ट्रा, कीर्तनं, सगळं केलंय मी. नुसतं एक व्हायोलिन पहिल्यांदाच.

स्टेजवर पुण्याच्या अवंतीबाई एकट्या उभ्या. तबला नाही, तानपुरा नाही. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. त्याला बरोक म्हणतात. त्या फार संथ वाजवत होत्या. मध्येच एखादा सूर सोडून थांबायच्या. दर वेळी मला वाटायचं, वायर गेली की काय?

"अजून सूरच लावून राह्यली काय हे?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. पाच-सहा जण उठून गेले.

मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, वर नेला. पंख्यांची घरघर माइकमध्ये शिरली. आणखी वर नेला तर स्पीकर शिट्टी मारायला लागला. हा फीडबॅक. स्पीकरचा आवाज फिरून माइकमध्ये जातो तेव्हा होतो. अवंतीबाईंचा हात क्षणभर अडखळला. मी घाईने फेडर खाली ओढला.

पहिली रचना संपली. चार टाळ्या वाजल्या. अवंतीबाई स्टेजच्या कडेला येऊन माझ्याकडे वाकल्या.

"दादा, माइक बंद कराल? पंखेही."

"मॅडम, मागे काहीच जाणार नाही."

"थोडं जाईल. आत्ता तर शिट्टीच जातेय."

गावंडे सर भडकले. "एवढ्या गरमीत पंखे बंद? हॉल खाली झाला तर तुले पुन्हा बोलावणार नाही मी."

वर्षातली माझी निम्मी कामं त्यांच्याकडूनच यायची. पण फेडर आणखी वर जाणार नव्हता, हे मला दिसत होतं. मी माइक बंद केला, मग जाऊन पंख्यांची बटणं.

"लाइन गेली काय?" पुन्हा हशा.

अवंतीबाईंनी सुरुवात केली. खुर्च्या कुरकुरत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक काका उठले. झालं, हेही चालले! पण ते पुढे आले आणि स्टेजसमोर खाली बसले. जवळच्या नेर गावच्या भजनी मंडळातले होते, हे नंतर कळलं. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जण सरकले. कुरकुर थांबली.

शेवटचा सूर विरला. कुणीच हललं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात.

बाहेर जाताना काका म्हणाले, "एकटीच होती, पण मले तं दोघी जणी एकमेकींसंग बोलून राह्यल्या असं वाटलं."

शेजारचा म्हणाला, "मले काही समजलं नाही बाप्पा. गरम लय झालं."

गावंडे सर एवढंच बोलले, "पुढच्या वेळी आधी सांगत जा."

आता एकट्या वाद्याचं काम आलं, की मी आदल्या दिवशी हॉलवर जातो आणि पंख्यांची बटणं कुठे आहेत ते बघून ठेवतो.