उघड्या छताची म्हातारी आणि राणीसावरगावचा परण्या

गाडी घेऊन ये असं अक्कानं सांगितलंच नाही. फोनवर ती एवढंच म्हणाली, “गाडी आणणार नसशील तर तू बी येऊ नको.”

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावला दिलेली. तिचा सागर कॉलेजात असताना मी त्याला पुण्यात माझ्या गाडीतून फिरवलं होतं आणि भरात बोलून गेले होते की तुझा परण्या याच गाडीतून काढायचा. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. सागर ते विसरला. अक्का विसरली नाही. मुलीकडच्यांपासून ते पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना तिनं सांगून ठेवलं होतं की पुण्याची मावशी बिनछताची गाडी आणणार. आता शब्द मोडणं शक्य नव्हतं.

गाडीची ओळख करून देते. जर्मन, दोन दारांची, सहा सिलिंडरची, वर कापडी छत. बटण दाबलं की छत मागं घडी होऊन बसतं. मी घेतली तेव्हाच ती दोन मालकांच्या हातांतून गेलेली होती. आता तिनं विशी ओलांडलीय आणि मीटर तीन लाख किलोमीटरच्या घरात आहे. एवढी चाललेली गाडी कशी काय ठेवता, असं लोक विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: उभी गाडी ठेवणं कठीण, चालती गाडी ठेवणं सोपं. उभ्या गाडीचं रबर वाळतं, उंदीर वायरी खातात, बॅटरी मान टाकते. चालती गाडी बिघडायच्या आधी आठवडाभर कुरकुर करते, फक्त आपले कान उघडे हवेत. माझा लेबलं छापायचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे यंत्रांची कुरकुर ऐकायची मला सवय आहे.

अशी गाडी घेऊन कुणाला मे महिन्यात मराठवाड्यात जायचं असेल तर एक सांगते. जो भाग बिघडणार आहे तो बिघडायच्या आधी बदला. मी निघण्यापूर्वी पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे सगळे होज नवे घातले. छताच्या कडेची पाणी जायची भोकं तारेनं साफ केली. डिकीत कूलंटचे दोन डबे, क्लिपा, चिकटपट्टी आणि हातमोजे. या सगळ्या खर्चात, विलासच्या मते, आमची केरळची सहल झाली असती. विलास माझा नवरा. तो स्वतः रेल्वेनं गेला. “कुणीतरी एक जण लग्नाला वेळेवर पोचायला पाहिजे,” असं म्हणाला.

पहाटे निघाले. अहिल्यानगरपर्यंत छत उघडं, कानात वारा, मन एकदम विशीतलं. उन्हं चढल्यावर मात्र छत बंद आणि एसी चालू. भर उन्हाळ्यात दुपारी छत उघडून हिंडायचं हे सिनेमात ठीक. इथं टाळूवर पापड भाजून निघेल. पाथर्डी, माजलगाव, पाथरी असा मोठा रस्ता आहे आणि बराचसा चांगला आहे. गावं आली की मात्र रंग न मारलेले गतिरोधक आडवे येतात. खालून बुटकी गाडी असेल तर ते तिरकं चाक घालून ओलांडायचे, मागचा ट्रक कितीही हॉर्न मारो. भारी, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल अहिल्यानगरलाच भरून घ्या, पुढं ते मिळेलच असं नाही.

मानवतला चहाला थांबले. एका बाजूला जिनिंगच्या लांबलचक भिंती, कापसाचा हंगाम सरलेला, त्यामुळे सगळं निवांत. चहावाल्याकडे चार जण बसले होते. त्यांच्या नजरा बघून मला राहवेना. बटण दाबून छत उघडून दाखवलं. धोतरातल्या एका आजोबांनी गाडीला पूर्ण फेरी मारली.

“बाई, छप्पर गेलं कुठं?”

“मागं ठेवलंय.”

“पाऊस आला मंग?”

“परत बटण दाबायचं.”

त्यांनी थोडा विचार केला. “आन् बटनच बिघडलं मंग?”

मी चहाचे पैसे दिले आणि निघाले.

परभणीच्या स्टेशनवर विलास भेटला, आंघोळ झालेला, पेपर वाचत बसलेला. त्याला घेऊन गंगाखेडचा रस्ता धरला. गोदावरीत वाळूच जास्त होती, कडेला म्हशी बसतील एवढं पाणी. गंगाखेडच्या पुढं बालाघाटाची उघडी माळरानं लागतात, मधूनच एखादा कडुलिंब आणि त्याखाली शेळ्या. रस्ता कुठं लोण्यासारखा, कुठं नुसती खडी. गाडीनं सगळं निमूट सोसलं. इंजिनच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून केसभरही हलला नाही आणि मी विलासला ते तीन वेळा दाखवलं.

अक्कानं आधी गाडी बघितली, मग मला. “धुवून घे,” ती म्हणाली. “फुलांचं मी बघते.”

लग्न मुलाच्या दारातच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडी नेसून बाहेर आले तेव्हा फुलांचं बघून झालं होतं. गंगाखेडहून आलेल्या फुलवाल्यानं बॉनेटवर झेंडू आणि शेवंतीची जाड चादर अंथरली होती. ती पुढच्या जाळीवरून पार बंपरच्या खालपर्यंत उतरलेली, घट्ट दोऱ्यांनी बांधलेली. गाडी दिसत होती मात्र देखणी.

“अक्का, पुढची जाळी मोकळी पाहिजे. तिथून हवा आत जाते.”

“मारुती काय लांब हाय का? तेवढ्यात काय होतंय?”

मारुती खरंच जवळ होता. चालत गेलं तर पाच मिनिटं. मी मान डोलावली. मी याच भागातली, असले परण्ये लहानपणापासून पाहिलेली, आणि तरी मला आठवू नये की परण्या चालत जात नाही, नाचत जातो!

सागर मागं घडी केलेल्या छतापाशी उंच बसला, फेटा, बाशिंग आणि जाड कोट घालून. पुढं डीजेची गाडी, मध्ये नाचणारे मित्र, मागं बायका. प्रत्येक चौकात मित्रांची नवी टोळी मिसळायची आणि गाडी जागच्या जागी. ऊन अंगावर ओतत होतं. एसटी स्टँडपर्यंत आलो आणि काटा मधल्या खुणेवरून हलला. इंजिन फार तापलं तर त्याचं डोकं, म्हणजे वरचं सिलिंडर हेड, वाकतं, आणि या वयाच्या गाडीला कुणी नवं इंजिन घालत नाही. ती सरळ भंगारात जाते.

एक युक्ती असते. हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनातली थोडी उष्णता आत येते. मी सोडला.

“मावशी,” मागून सागर ओरडला, “भट्टीवानी वारा यायलाय की!”

“बस गप. लग्न म्हणजे असंच असतं.”

शेजारी बसलेला विलास लाल झाला, काही हसण्यानं, काही हीटरनं. मला हसू येत नव्हतं. काटा लाल पट्ट्याच्या कडेला टेकला तशी मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. डीजेवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि गाणंही थांबलं. भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर.

अक्का गर्दीतून पुढं आली. “काय झालं? लोकं बघायलेत.”

“इंजिन तापलंय. पुढची फुलं काढावी लागतील.”

मागून तिच्या चुलतसासूबाई म्हणाल्या, “नवरदेवाच्या गाडीची फुलं तोडायची? अक्षता पडायच्या आधी?” अक्काचा चेहरा उतरला आणि लगेच तापला.

“माझ्या लेकापेक्षा तुला हे लोखंड जड झालं का गं?”

मला ते फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज मी सरळ ठेवला. “अक्का, तू म्हणशील तर अशीच चालवते. मारुतीपर्यंत नक्की जाईल. परत पुण्याला मात्र यायची नाही. तू सांग.”

हे मी नुसतं बोलून दाखवलं नव्हतं. तिनं होकार दिला असता तर मी चावी फिरवली असती.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग बॉनेटवर थरथरणाऱ्या हवेकडे. मग ती गाडीच्या पुढं जाऊन वाकली. पदर पसरला आणि जाळीवरची पहिली ओंजळ स्वतः काढून त्यात घेतली.

“तोडून फेकायची न्हाईत कुणी,” ती बायकांना म्हणाली. “मारुतीला वाहायला न्यायची हायेत. घ्या पदरात.”

पुढं सगळं भराभर झालं. चुलतसासूबाईंनीही ओंजळ घेतली. विलासनं उपरणं पुढं केलं. जाळी मोकळी झाली, मी नुसती चावी अर्धी फिरवली तसा आतला पंखा घोंघावत सुरू झाला. डीजेवाल्यानं दोन गाणी वाजवली, पोरं जागेवरच नाचली, आणि काटा हळूहळू खाली आला. रेडिएटरचं झाकण उघडायच्या फंदात मी पडले नाही, गाडी गरम असताना तुम्हीही पडू नका. इंजिन चालू केलं तेव्हा गर्दीनं अशी शिट्टी मारली की जणू नवरी आली.

देवळात मारुती फुलांनी गळ्यापर्यंत बुडाला. बायका अजून वाहतच होत्या, तशी अक्का ओरडली, “त्याचं नाक तेवढं मोकळं ठेवा गं, न्हाईतर हा बी तापायचा!” मग कुठं मी हसले, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो.

लग्न मुहूर्तावर लागलं. पंगतीत येसर आमटी, भात आणि बुंदी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, त्याची झणझणीत आमटी लग्नाशिवाय अशी जमत नाही. परतीला विलासनं रेल्वेचं तिकीट रद्द केलं आणि माझ्याशेजारी बसला, मांडीवर कूलंटचा डबा धरून. डबा पुण्यापर्यंत उघडावा लागला नाही.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये इंजिनचं प्रेशर तपासून घेतलं. डोकं शाबूत. छताच्या घडीतून पिवळ्या अक्षता आणि वाळलेल्या पाकळ्या अजूनही निघतात. जुनी गाडी घेऊन मराठवाडा फिरता येतो का? बिनधास्त फिरता येतो. फक्त ती सजवायला द्यायची नाही, आणि दिलीच तर आपण तिथं उभं राहायचं.

काल अक्काचा फोन आला. धाकट्या ओंकारचंही जमलंय.

“परण्याला घोडं सांगितलंय,” ती म्हणाली.

मला वाईट वाटलं, आणि मी तसं बोललेही. “मग गाडी नको का?”

“नको कशाला? आण की. पर तिला कामाला लावायचं न्हाई आता. पाहुणी म्हणून येऊ दे. मांडवात सावलीला उभी करू. लय केलं तिनं आपल्यासाठी.”

मी फोन ठेवला. विलासनं विचारलं, काय झालं?

“लग्नाचं आमंत्रण आलंय,” मी म्हटलं. “गाडीला.”