तिसऱ्या अल्बमपासूनचा राग

सिंगापूरमधल्या आमच्या हौगांगच्या ब्लॉकमध्ये दोन मजले खाली पुण्याचे एक गृहस्थ राहतात. लिफ्टमध्ये भेटले की त्यांचा विषय एकच, त्यांचा एकेकाळचा लाडका ब्रिटिश रॉक बँड. "तिसऱ्या अल्बमला संपले हो ते. गिटार बाजूला ठेवून कीबोर्ड घेतला, तिथेच विकले गेले." त्यांचा मजला आला तरी दारात पाय अडकवून बोलत राहतात. पहिल्या अल्बमबद्दल बोलताना मात्र आवाज मऊ होतो. "बापाच्या पिढीचं सगळं संगीत मोडून काढलं पोरांनी."

यंदा मंडळाच्या गणपतीत माझ्या लेकीने आरतीला इलेक्ट्रिक गिटारची साथ दिली. दुसऱ्या कडव्याला या गृहस्थांनी उठून प्लग काढला. "आरती अशी नसते," म्हणाले, आणि झांजा वाजवू लागले. लेक गिटार गळ्यात घेऊन तशीच उभी राहिली. बाकीचे टाळ्या वाजवत राहिले.

काल लिफ्टमध्ये त्यांनी पुन्हा तिसऱ्या अल्बमचा विषय काढला. त्यांचा मजला आला तेव्हा दारात पाय मी अडकवला.

"तुमच्या त्या पोरांचा प्लग कुणी काढला असता, तर तुमचा पहिला अल्बम कुठून आला असता?"

त्यांना बाहेर पडायचं होतं. मी हलले नाही.