माहा गुडघा अन् सुखदेवचा हात

हे मी कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, दोस्तायले तं बिलकुलच नाही. तुमाले सांगून राह्यलो, कारण तुमी माहं तोंड पाहून नाही राह्यले — अन् पाहून तरी काय करान? देऊळघाटाच्या अलीकडं आमचं गाव. तिथं मले अजून 'कप्तानसाहेब' म्हणतात. म्हणू द्या. गाव बावळट असलं का माह्यासारख्याचं बरं चालते.

तवा महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतीन. मी कबड्डी खेळायचो. चांगला खेळायचो — हे खोटं नाही. पण आमच्याकडं कप्तानाचं एक काम राहे. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान खणायचं, खडे वेचायचे, पाणी मारायचं, खड्डे बुजवायचे, अन् अनवाणी पायानं सगळं तुडवून पाह्यचं. कप्तानानं स्वतः. दुसऱ्याले पाठवून चालत नसे. मी त्या दिवशी काय केलं? बुलढाण्याले गेलो, केस कापले, हाटेलात भजे खाल्ले. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची निवड होती ना — फोटो निघणार होता! मैदानाकडं फिरकलो सुदिक नाही. असा मी कप्तान.

निवडीसाठी गावातलेच दोन संघ पाडले. समोरच्या संघात कोपऱ्यावर सुखदेव होता. बौद्धवाड्यातला, माह्याच वयाचा, वीटभट्टीवर कामाले जाये. त्याची पकड म्हणजे — आता खरं बोलाचं ठरवलंच तं बोलतो — माह्या चढाईपेक्षा कितीतरी भारी होती. निवड करणारे त्याच्याचकडं पाहून राह्यले होते. मले ते दिसत होतं, अन् सहन होत नव्हतं.

मी चढाईवर गेलो. सुखदेव पुढं सरकला, मी गपकन वळलो — अन् पाय वळलाच नाही. खड्ड्यात रुतून बसला. अंग फिरलं, गुडघा तिथंच राह्यला. आतून कट्टकन आवाज आला अन् मी आडवा. सुखदेव हातभर लांब होता. सगळ्यात आधी तोच वाकला, म्हणे, "काय झालं बे? मी तं हातही नाही लावला."

काय सांगणार होतो मी? खड्डा मीच ठेवला, हे? सगळं गाव उभं असताना? मी त्याच्याकडं बोट केलं अन् म्हणलं, "यानं लाथ मारली. मुद्दाम."

बस. मी तं भांडायच्या तयारीत होतो, कामच पडलं नाही. एवढे लोक डोळे फाडून पाहून राह्यले होते, एकाले तरी दिसलं नसन? दिसलं होतं. पण मी पाटलाच्या घरचा अन् तो बौद्धवाड्यातला — मग डोळ्यायचं काय काम? सुखदेवले तिथल्या तिथं मैदानाबाहेर काढलं. निवड गेली. पुन्हा कोण्या संघानं त्याले घेतलं नाही. थू असल्या गावावर! अन् माह्यावर दोनदा थू, कारण गाव असंच करन हे मले ठाऊक होतं.

बापानं मले नागपूरले मोठ्या दवाखान्यात नेलं. आतली नस तुटली होती — मांडीचं हाड अन् नळीचं हाड बांधून ठेवणारी. डॉक्टरनं गुडघ्याच्या वाटीखालून माह्याच अंगातली एक पट्टी कापली, हाडायले भोकं पाडून त्यातून ओवली, अन् नवी नस करून दिली. गावात बोभाटा झाला का बकऱ्याची नस बसवली. काय एकेक अकला!

डॉक्टरनं बापासमोर विचारलं, "पाय रुतला आणि अंग वळलं, असं झालं होतं का? ही नस बरेचदा तशीच तुटते. कोणी मारायची गरज नसते." आता पहा — सगळं वाक्य त्यानंच तयार करून दिलं होतं. मले निस्तं 'हाव' म्हणायचं होतं. मी म्हणलं, "नाही साहेब, लाथच मारली."

प्लास्टर घेऊन घरी आलो, तं सुखदेव आला. अंगणात उभा राह्यला, वर ये म्हणून कोणी म्हणलं नाही. ओसरीवर बाप, काका, गावची चार टाळकी. तो म्हणे, "कप्तान, मले संघ नको. एकदा यायच्यासमोर म्हण, का मी हात नव्हता लावला." मी काकाले म्हणलं, उशी द्या जरा, पाय ठणकून राह्यला. काकानं उशी आणून माह्या पायाखाली सरकवली, ते त्यानं पाह्यलं. मग गेला.

गुडघा बेस बसला. मी पुढं कबड्डी मंडळाचा अध्यक्षही झालो, खिलाडूवृत्तीवर भाषणं ठोकतो. सुखदेवचं नाव गावानं पाडलं — पायमोड्या, म्हंजे दुसऱ्याचा पाय मोडणारा. लोक त्याच्या दारात उभे राहून त्याच नावानं हाका मारतात, अन् तो ओ देतो.

मागच्या आठवड्यात एसटीच्या थांब्यावर एका पाहुण्यानं मले सुखदेवचं घर विचारलं. सुखदेवच्या पोरीसाठी सोयरीक घेऊन आला होता. मी म्हणलं, "कोणता सुखदेव? पायमोड्या का?" पाहुणा चपापला. म्हणे, "असं नाव काऊन पडलं हो?"

मी पॅन्ट गुडघ्याच्या वर केली अन् त्याले टाक्यायचे वण दाखवले.